नदीकाठाने बँकॉक: जुन्या शहराच्या दर्शनाची दोन दिवसांची आखणी

बँकॉकला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमपत्रिकेत जुने शहर बहुधा अर्ध्या दिवसात उरकलेले असते. सकाळी बस निघते, एक सोन्याची आणि एक पहुडलेली अशा दोन बुद्धमूर्ती दाखवल्या जातात, मग रत्नांच्या दुकानात दीड तास जातो आणि दुपारच्या जेवणानंतर सगळे बाजारहाटाला मोकळे होतात. ज्यांना एवढ्यावर समाधान वाटते त्यांच्याशी वाद नाही. मात्र ज्यांना या शहराची घडण समजून घ्यायची आहे, त्यांनी बस सोडावी, किमान दोन दिवस राखून ठेवावेत आणि शहर ज्या नदीमुळे वसले त्या नदीनेच त्यात शिरावे, असे माझे मत आहे. पुढची आखणी त्याच बेताने केली आहे.

आधी नकाशा समजून घ्यावा

चाओ फ्राया नदी शहरातून उत्तर-दक्षिण वाहते आणि जुन्या शहरापाशी पश्चिमेकडे फुगीर वळण घेते. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने अयुथ्या ही सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, जुनी राजधानी जाळून उद्ध्वस्त केली. त्यानंतर ताक्सिन या सेनानीने नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरी येथे नवी राजधानी थाटली. १७८२ मध्ये त्याचाच सरदार चाओ फ्राया चक्री राजा झाला. आज त्याला राम पहिला म्हणून ओळखतात आणि त्याचे चक्री घराणे अजून गादीवर आहे. त्याने राजधानी पूर्व काठावर, नदीच्या वळणाच्या कुशीत हलवली. तीन बाजूंना नदी होतीच, उरलेल्या बाजूने कालवे खणून त्याने संपूर्ण भागाचे बेट केले. हेच रत्तनकोसिन बेट म्हणजे आजचे जुने शहर होय. ज्या जागेवर राजवाडा उभारायचा होता तेथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला दक्षिणेकडे सरकण्यास सांगण्यात आले आणि आजचा चायनाटाउन तेथूनच सुरू झाला. एवढे ध्यानात ठेवले, तर पहिल्या दिवशी राजवाडा व नदीकाठ आणि दुसऱ्या दिवशी बेटाची पूर्व कड व चिनी-भारतीय बाजार, असा क्रम का लावला आहे ते सहज लक्षात येईल.

मराठी माणसाजवळ या शहराची आणखी एक किल्ली आहे, ती म्हणजे कान. थाई लोक आपल्या राजधानीला ‘क्रुंग थेप महानखोन’ म्हणतात, आणि तिच्या लांबलचक औपचारिक नावातील बहुतेक शब्द संस्कृत-पाली आहेत. उच्चार बदलले आहेत इतकेच. थाईमध्ये शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘र’ आणि ‘ल’ यांचा ‘न’ होतो, म्हणून नगरचे नखोन, अमरचे अमोन आणि विहारचे विहान झाले. देवचा थेप झाला, जयचा छाय झाला. हा नियम कळला की फलक वाचता येऊ लागतात. ‘अमोन रत्तनकोसिन’ म्हणजे इंद्राच्या रत्नाची अमर नगरी, ‘नोप्फरत रत्चथानी’ म्हणजे नवरत्न राजधानी. नावाचा शेवट ही नगरी शक्राने म्हणजे इंद्राने दिली आणि विश्वकर्म्याने बांधली असे सांगून होतो. देवळाच्या आवारातही हाच कान उपयोगी पडतो. उबोसोत म्हणजे उपोसथाचे, अर्थात भिक्खूंच्या धार्मिक विधींचे, मुख्य दालन, चेदी म्हणजे चैत्य, मोंदोप म्हणजे मंडप आणि साला म्हणजे शाला. वाट हा शब्द मात्र आपल्या वाटेशी संबंधित नाही, तो संपूर्ण मंदिर-मठाच्या आवारासाठी वापरतात.

निघण्यापूर्वीची तयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. मार्च ते मे या महिन्यांत नागपूरच्या माणसालाही घाम फुटेल अशी दमट उष्णता असते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाचा जोर असतो. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान हा थाई नववर्षाचा सण येतो. त्या दिवसांत रस्त्यावर कोणीही कोणाला पाण्याने भिजवतो. ही गंमत पाहण्यासारखी असली, तरी ते दिवस वास्तुदर्शनाचे नव्हेत.

व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरच ते पाहावेत. मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ दिसल्यास आपण चुकीच्या ठिकाणी आहोत असे समजावे.

कपड्यांबाबत हयगय करू नये. राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले असणे सक्तीचे आहे. बिनबाह्यांचे कपडे, तोकडी पँट, फाटकी जीन्स आणि आरपार दिसणारे कापड चालत नाही. उघड्या खांद्यांवर केवळ ओढणी घेऊन दरवेळी भागतेच असे नाही. सुती पंजाबी ड्रेस किंवा सैल कुर्ता-पायजमा हा या हवेसाठी आणि या नियमासाठी उत्तम पोशाख आहे. बूट सहज काढता-घालता येतील असे असावेत, कारण दिवसभरात ते सात-आठ वेळा काढावे लागतात. दुपारी तापलेल्या फरशीवर चालण्यासाठी जाड मोजे सोबत ठेवल्यास पायांना आराम मिळतो.

राहण्याची जागा निवडताना मेट्रोची निळी मार्गिका जवळ असावी, एवढी एकच अट मी घालेन. सुवर्णभूमी विमानतळावरून निघणारी रेल्वे मक्कासान येथे उतरवते, तेथून पायी जोडलेले फेच्चबुरी हे निळ्या मार्गिकेचे स्थानक आहे, आणि ही मार्गिका थेट जुन्या शहराच्या पोटात, सनाम छाय स्थानकापर्यंत नेते. जयमैदान असा त्या नावाचा अर्थ होतो.

पहिला दिवस: सकाळ पाण्यावर आणि राजवाड्यात

सनाम छायपर्यंत मेट्रो असली, तरी पहिल्या दिवशी तिने जाऊ नये. उन्नत रेल्वेच्या सफान ताक्सिन स्थानकावर उतरावे. जिन्याखालीच साथोर्न हा धक्का आहे. तेथे दोन प्रकारच्या होड्यांसाठी रांगा दिसतात. निळ्या झेंड्याची होडी खास पर्यटकांसाठी असते आणि तिचे भाडे जास्त असते. नारिंगी झेंड्याची होडी शाळकरी मुले, भिक्खू आणि नोकरदार माणसे यांची आहे. तिचे भाडे अंतर कितीही असले तरी सुमारे १६ बाथ पडते. एका बाथला अडीच ते तीन रुपये धरावेत. नारिंगी होडीत बसावे, खरे तर बहुतेक वेळा उभेच राहावे. वाहक गोल पत्र्याची डबी खळखळवत येतो तेव्हा सुटे पैसे हाती तयार असावेत. होडी धक्क्याला क्षणभरच टेकते, म्हणून उतरायच्या धक्क्याच्या आधीच मागच्या बाजूला सरकून ठेवावे. सोबत वृद्ध असतील तर हा क्षण जपण्याचा असतो.

वाटेत डाव्या हाताला, म्हणजे पश्चिम काठावर, वाट अरुणचा मनोरा दिसू लागतो. त्याकडे आत्ता फक्त पाहून घ्यावे आणि ‘था छांग’ या धक्क्यावर उतरावे. था म्हणजे धक्का आणि छांग म्हणजे हत्ती. राजाचे हत्ती येथे पाण्यावर आणले जात. धक्क्यापासून राजवाड्याची पांढरी तटबंदी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहे.

याच पाच-सात मिनिटांत बँकॉकमधील सर्वांत जुनी फसवणूक घडते. नीटनेटक्या कपड्यांतील एखादा माणूस जवळ येतो, अतिशय नम्रपणे सांगतो की आज पूजेमुळे राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, आणि तोवर टुकटुक म्हणजे तीनचाकी रिक्षा तुम्हाला दोन-चार मंदिरे अगदी किरकोळ भाड्यात दाखवून आणेल. ही फेरी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात संपते. मी पहिल्या भेटीत अशाच एका माणसाच्या गळ्यातील ओळखपत्राला भुलून टुकटुकमध्ये बसलो होतो, आणि आईने ‘अरे, ते बघ, लोक आत जात आहेत’ असे म्हटल्यामुळेच उतरलो. नियम साधा आहे. राजवाडा उघडा आहे की बंद, हे त्याच्या दरवाजावर उभ्या असलेल्या गणवेशधारी रक्षकाकडूनच ऐकावे. राजसमारंभांमुळे काही दालने बंद असू शकतात, पण रस्त्यावरचा अनोळखी माणूस ती माहिती देण्यासाठी नेमलेला नसतो.

पर्यटकांचा प्रवेश ‘विसेत छायसी’ या दरवाजातून होतो. विशेष जयश्री हे त्याचे मूळ रूप आहे. तिकीटविक्री सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन या वेळेत होते आणि परदेशी व्यक्तीला ५०० बाथ पडतात. ही रक्कम कमी नाही. म्हणूनच साडेआठच्या आधी दाराशी हजर राहावे आणि आत किमान अडीच तास काढावेत. साडेनऊनंतर मोठ्या बस येऊ लागतात आणि मग कोणतीही वस्तू माणसांच्या डोक्यांवरूनच पाहावी लागते.

आत शिरताच लोक सोनेरी चैत्याकडे धावतात. आपण तसे न करता आधी भिंतीकडे जावे. आवाराला वेढणाऱ्या ओवऱ्यांच्या भिंतींवर ‘रामकियन’ म्हणजे थाई रामायण १७८ चित्रफलकांत रंगवलेले आहे. कथा उत्तरेकडील बाजूस सुरू होते आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुढे सरकते. चित्रे कालौघात अनेकदा नव्याने रंगवली गेली आहेत, तरीही त्यांतील बारकावा थक्क करणारा आहे. युद्धाच्या मुख्य प्रसंगाच्या कडेला कोणी भात शिजवत आहे, कोणी कोंबड्यांची झुंज लावली आहे, कोणी भिंतीआडून डोकावत आहे, असे नित्याचे जीवन चितारलेले दिसते. पात्रे ओळखणे आपल्याला अवघड जात नाही. फ्रा राम हिरव्या वर्णाचा आहे, फ्रा लक म्हणजे लक्ष्मण सोनेरी आहे आणि तोत्सकान म्हणजे दशकंठ रावण. फिफेक हा बिभीषण, सुक्रीप हा सुग्रीव आणि इंथरचित हा इंद्रजित. धक्का बसतो तो हनुमानाच्या बाबतीत. येथील पांढरा हनुमान ब्रह्मचारी नाही. तो रसिक आणि खोडकर आहे. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या सुवन्नमच्छा या मत्स्यकन्येच्या, म्हणजे रावणाच्याच लेकीच्या प्रेमात तो पडतो. मारुतीच्या देवळात शनिवारी तेल घालणाऱ्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो, पण एकच कथा दोन समाजांनी किती वेगळ्या अंगाने जगवली हे येथे एका भिंतीवर उभ्याउभ्या कळते.

ओवऱ्यांच्या दारांवर उभे असलेले बारा उंच यक्ष याच कथेतील राक्षस आहेत, आणि येथे ते बुद्धाचे पहारेकरी झाले आहेत. त्यानंतर उंच चौथऱ्यावर जावे. तेथे तीन वास्तू एका ओळीत आहेत. त्यांतला सोनेरी घंटेसारखा ‘श्री रत्न चैत्य’ राम चौथ्याने उभारला, मधला मंडप त्रिपिटक हे बौद्ध धर्मग्रंथ ठेवण्यासाठी बांधलेला आहे, आणि तिसऱ्या प्रासादात चक्री राजांचे पुतळे आहेत. त्यांच्या बाजूला अंगकोर वाटची प्रतिकृती आहे. राम चौथ्याच्या काळी तो प्रदेश सयामच्या ताब्यात असल्याने त्याने ती करविली होती. आज ते देऊळ कंबोडियात आहे, त्यामुळे या प्रतिकृतीकडे पाहताना राजकारणाचीही आठवण होते.

मुख्य दालनात ‘फ्रा केओ’ म्हणजे पाचूचा बुद्ध आहे. मूर्ती प्रत्यक्षात पाचूची नसून एकसंध हिरव्या पाषाणाची आहे आणि तिची उंची जेमतेम ६६ सेंटीमीटर आहे. उंच सिंहासनावर ती इतकी वर आहे की अनेकांची पहिली प्रतिक्रिया निराशेची होते. म्हणून आधी तिची कहाणी जाणून घ्यावी. दंतकथा तिचा उगम पाटलिपुत्रात सांगते. इतिहासात ती १४३४ मध्ये उत्तरेकडील च्यांग राय येथे चुन्याच्या लेपाखाली सापडली, पुढे लाओसमध्ये दोन शतकांहून अधिक काळ राहिली आणि १७७९ मध्ये चक्री सरदाराने ती व्हिएन्टियानहून जिंकून आणली. ज्याच्याजवळ ही मूर्ती त्याचे राज्य टिकते, अशी श्रद्धा आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांसाठी तिचे तीन वेगळे सुवर्णपोशाख आहेत आणि ऋतू बदलताना ते बदलण्याचा विधी राजाच्या हस्ते होतो. आत बूट, टोपी आणि छायाचित्रण निषिद्ध आहे. बसताना पाय मूर्तीकडे करू नयेत, वज्रासनासारखे मागे दुमडून बसावे. या देवळात एकही भिक्खू राहत नाही, कारण हे राजाचे खासगी देवघर आहे.

राजवाड्याच्या इमारती यानंतर लवकर पाहून होतात, कारण बहुतेक आतून बंदच असतात. चक्री महाप्रासादासमोर मात्र थांबावे. राम पाचव्याने म्हणजे राजा चुलालोंगकोर्नने ब्रिटिश वास्तुविशारदाकडून तो १८८२ पर्यंत बांधून घेतला. खालचा भाग युरोपीय आणि वर थाई शिखरे असल्यामुळे लोक त्याला ‘थाई मुकुट घातलेला फरंग’ म्हणू लागले. फरंग हा शब्द आपल्या फिरंग्याचाच भाऊबंद आहे, दोघेही एकाच फारसी शब्दावरून आले. युरोपीय सत्ता शेजारचे देश गिळत असताना आपण सुधारलेले राज्य आहोत हे दाखवण्याची या राजाची धडपड त्या छपरावर वाचता येते.

दुपार: वाट फो

राजवाड्यातून बाहेर पडून तटबंदीच्या कडेने दक्षिणेकडे दहा-पंधरा मिनिटे चालले की वाट फो लागते. आधी था तियन धक्क्याजवळच्या गल्लीत जेवून घ्यावे. शाकाहारी व्यक्तींसाठी येथे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ‘मंगसविरत’ म्हणजे मांसविरत, पण हे सांगूनही आमटीत किंवा भाजीत ‘नाम प्ला’ म्हणजे माशांचा रस पडू शकतो. दुसरा शब्द ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेला हा शब्द जेथे दिसेल तेथील अन्नात मांस, मासे, अंडी आणि दूध नसतेच, शिवाय चिनी बौद्ध परंपरेनुसार कांदा-लसूणही वर्ज्य असतो. त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही हा झेंडा बराच आधार देतो. कंदमुळे मात्र त्यात चालतात, हे जैन वाचकांनी लक्षात घ्यावे.

वाट फोचे औपचारिक नाव ‘चेतुफोन’ आहे आणि त्यामागे श्रावस्तीचे जेतवन, म्हणजे बुद्धाचा प्रसिद्ध विहार, आहे. तिकीट ३०० बाथ. राम तिसऱ्याच्या काळात, १८३२ च्या सुमारास घडवलेली येथील शयनमुद्रेतील बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. दालन मूर्तीला जेमतेम पुरते, त्यामुळे ती एका नजरेत कधीच मावत नाही. खांबांमधून कधी चेहरा, कधी खांदा, कधी कोपर दिसत राहतो आणि शेवटी तळपायांशी पोहोचल्यावर शिंपल्याच्या कामातील १०८ शुभचिन्हे समोर येतात. मागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रांची रांग आहे. वीस बाथला सुट्या नाण्यांची वाटी मिळते आणि एकेक नाणे पात्रात टाकत गेले की होणारा अखंड किणकिणाट दालनभर भरून राहतो.

बहुतेक गट येथूनच परत फिरतात आणि हीच त्यांची चूक होते. वाट फोचे खरे वैभव बाकीच्या आवारात आहे. राम तिसऱ्याने वैद्यक, मालिश, काव्य, नीती अशा विद्या संगमरवरी पाट्यांवर कोरून भिंतींत बसवून घेतल्या. कोणालाही येऊन वाचता यावे हा त्यामागचा हेतू होता, आणि या सुमारे १४०० शिलालेखांना युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान मिळाले आहे. मुख्य दालनाच्या बाह्य पायाशी रामकियनचे १५२ संगमरवरी शिल्पफलक आहेत. सकाळी रंगांत पाहिलेली कथा येथे दगडात पुन्हा भेटते. राजधानी नवी असली तरी देव जुनेच असावेत म्हणून अयुथ्या आणि त्याहून जुनी राजधानी सुखोथाई येथील भग्न मंदिरांमधून आणलेल्या बुद्धमूर्ती ओवऱ्यांत रांगेने बसवलेल्या आहेत. दारांवरचे दगडी चिनी द्वारपाल तांदूळ घेऊन चीनला गेलेल्या गलबतांनी परतीच्या वाटेवर भार म्हणून आणले, असे सांगतात. पाय दुखत असतील तर आवारातच पारंपरिक मालिशशाळेचे दालन आहे. थाई मालिश म्हणून जगभर जे ओळखले जाते त्याचे शिक्षण येथे १९५५ पासून पद्धतशीरपणे दिले जाते. दुपारच्या उन्हाचा एक तास घालवण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला सापडली नाही.

संध्याकाळ: नदीपलीकडे

साधारण चारच्या सुमारास था तियनच्या धक्क्यावरून पलीकडे नेणारी होडी घ्यावी. भाडे अगदी किरकोळ आहे आणि प्रवास तीन मिनिटांचा. वाट अरुणचे तिकीट २०० बाथ आहे. अयुथ्या जळाल्यावर ताक्सिन नदीने खाली आला आणि या देवळापाशी पोहोचला तेव्हा उजाडत होते, म्हणून देवळाला अरुणाचे नाव मिळाले अशी परंपरा आहे. थोनबुरी राजधानी असताना हे राजदेवालय होते आणि पाचूचा बुद्ध १७८४ मध्ये पलीकडे जाईपर्यंत येथेच होता. मक्याच्या कणसासारखा दिसणारा मधला मनोरा, ज्याला प्रांग म्हणतात, तो मेरू पर्वताचे प्रतीक आहे. त्याच्या वरच्या कोनाड्यांत ऐरावतावर बसलेला इंद्र आहे, कोपऱ्यांतील चार लहान मनोऱ्यांत पांढऱ्या घोड्यावर वायू आहे, आणि शिखरावर शिवाचे त्रिशूळ मानले जाणारे अनेक पात्यांचे आयुध आहे. बौद्ध देवळावर एवढे वैदिक-पौराणिक देव कसे, असा प्रश्न पडेल. थाई दरबाराने धर्म बुद्धाचा मानला आणि राजत्वाचे विधी ब्राह्मणी परंपरेतून घेतले, हे त्याचे थोडक्यात उत्तर आहे.

दुरून रंगवलेला वाटणारा हा मनोरा जवळ गेल्यावर फुटक्या चिनी बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलेला दिसतो. पाकळ्यांच्या आकारात कापलेल्या त्या तुकड्यांची फुले झाली आहेत. पायऱ्या अतिशय उभ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालूनच पाहावे, कारण चढणे जमले तरी उतरताना हात कठड्यावरून सुटत नाही. सूर्यास्तापूर्वी पुन्हा होडीने था तियनला परत यावे, कारण मनोऱ्यामागे सूर्य बुडताना पाहायचा तर पूर्व काठावरच उभे राहावे लागते. संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागल्यास सर्वांबरोबर थांबावे. राजघराण्याविषयी चेष्टेनेही शेरा मारू नये. थाई कायद्यात त्यासाठी तीन ते पंधरा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे आणि ती कागदावरच राहिलेली नाही.

दुसरा दिवस: बेटाची पूर्व कड

दुसऱ्या दिवशी टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी करून सकाळी आठच्या सुमारास वाट साकेत येथे पोहोचावे. टॅक्सीत बसण्यापूर्वी मीटर सुरू करण्यास सांगावे, चालकाने नकार दिल्यास दुसरी पाहावी. येथील ‘सुवर्णगिरी’ ही टेकडी निसर्गाची नाही. राम तिसऱ्याने येथे मोठा चैत्य बांधायला घेतला, मऊ जमिनीला त्याचा भार पेलवला नाही आणि तो ढासळला. विटा-मातीच्या त्या ढिगालाच पुढे टेकडीचा आकार देऊन वर लहान चैत्य उभारण्यात आला. तीनशेहून अधिक पायऱ्या असल्या तरी त्या बुटक्या आहेत आणि वळसे घेत झाडीतून जातात, त्यामुळे साठीतील माणसेही सावकाश चढू शकतात. वर ठेवलेल्या बुद्धधातूंचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८९८ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपात सापडलेल्या अस्थींचा काही भाग ब्रिटिश सरकारने पुढच्या वर्षी राजा चुलालोंगकोर्नला भेट दिला, तो येथे आहे.

टेकडीवरून पश्चिमेला सोनेरी टोकांची जी वास्तू दिसते तो ‘लोहप्रासाद’. श्रावस्तीत विशाखा या बुद्धाच्या उपासिकेने आणि श्रीलंकेत अनुराधपूर येथे बांधलेल्या प्रासादांच्या परंपरेतील ही वास्तू आहे. बोधिपक्षीय धर्मांच्या, अर्थात बोधिप्राप्तीला साह्य करणाऱ्या गुणांच्या, संख्येइतकी, म्हणजे ३७, धातूची शिखरे तिला आहेत. आत चौकोनी जाळीसारख्या एकसारख्या वाटा आहेत आणि गर्दी फारच कमी असते.

तेथून दक्षिणेकडे पंधरा मिनिटे चालल्यावर दोन लाल खांबांचा प्रचंड झोपाळा लागतो. १७८४ मध्ये उभारलेल्या या सांगाड्यावर शिवाच्या स्वागतासाठी माणसे उंच झोके घेत आणि बांबूला टांगलेली नाण्यांची थैली दातांनी पकडत. अपघात होत, आणि १९३५ नंतर हा विधी बंद झाला. सध्याचे सागवानी खांब २००७ मध्ये बसवलेले आहेत. उत्सवाचे ‘त्रियंपवाय’ हे नाव तमिळ ‘तिरुवेंपावै’ या स्तोत्रावरून आले आहे, यावरून दरबारातील ब्राह्मण कोणत्या किनाऱ्यावरून आले असतील याचा माग लागतो. त्यांचे देवस्थान जवळच आहे. शिव, गणेश आणि नारायण यांची तीन साधी, पांढरी देवळे आहेत. पर्यटकांच्या यादीत ते क्वचितच असते, मात्र राजाच्या राज्याभिषेकात भाग घेणारे ब्राह्मण याच ठिकाणचे असतात. झोपाळ्यासमोरचे वाट सुथात म्हणजे इंद्राचे सुदर्शन नगर. त्यातील आठ मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती राम पहिल्याने सुखोथाईहून नदीमार्गे आणली. दालनात पंखे आहेत, बसायला गालिचा आहे आणि शांतता आहे. अर्धा तास तेथे नुसते बसावे.

दुपारनंतर मेट्रोच्या साम योत स्थानकाकडे चालत जाता येते. वाटेत पाहुरत हा भारतीय बाजार लागतो. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा, कापडाची दुकाने, समोसा-चहाच्या गाड्या आणि हिंदी-पंजाबी बोलणारे दुकानदार भेटतात. दोन दिवस नाम प्लाची चौकशी करून थकलेल्या जिभेला येथे विसावा मिळतो. त्याच्याच शेजारी साला चालेर्मक्रुंग हे १९३३ चे नाट्यगृह आहे. राजवाड्याच्या तिकिटात गेली काही वर्षे तेथील ‘खोन’ या मुखवट्यांच्या नृत्यनाट्याचा छोटा प्रयोग समाविष्ट असतो, त्याची वेळ आदल्या दिवशी तिकीटखिडकीवर विचारून ठेवावी. भिंतीवरचा हनुमान तेथे चालताबोलता भेटतो.

चायनाटाउनमध्ये संध्याकाळी जावे, पण वाट त्रायमितसाठी तेथे पाचच्या आत पोहोचावे. येथील साडेपाच टनांची सुवर्णमूर्ती शतकानुशतके चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती. १९५५ मध्ये हलवताना ती पडली, लेप तडकला आणि आतले सोने दिसले. शत्रूपासून वाचवण्यासाठी तो लेप दिला असावा, असे मानले जाते. त्यानंतर ‘याओवारात’ या चायनाटाउनच्या मुख्य रस्त्यावर दिवे लागतात आणि पदपथाचे स्वयंपाकघर होते.

तिसरा दिवस हाती असेल तर तो बँकॉकच्या दुकानांत घालवू नये. हुआ लाम्फोंग या जुन्या स्थानकावरून अयुथ्याला जाणाऱ्या साध्या गाड्या सुटतात. तिसऱ्या वर्गाचे भाडे वीस बाथच्या आसपास आहे आणि अंतर सुमारे ८० किलोमीटर. सुटण्याचे स्थानक गाडीनुसार बदलते, ते आदल्या दिवशी तपासावे. तेथे भग्न प्रांगांमधून सायकलने फिरताना अनेक भिंती अर्ध्यावरच संपलेल्या दिसतात. त्यांच्या विटा राम पहिल्याने होड्यांत भरून खाली आणल्या आणि नव्या राजधानीची तटबंदी त्यांनी बांधली.